सरकणारा दस्ता

शारजातल्या ज्या दुकानात मी नोकरीला होतो, तिथे बंदूक सोडून बंदुकीचं सगळं मिळायचं. दुकान मुळात शिकारीच्या आणि वाळवंटात मुक्काम करायच्या सामानाचं. ससाण्याच्या डोळ्यांवर घालायच्या टोप्या, तंबू, कॉफीच्या किटल्या, असला सगळा माल. नव्वदीच्या शेवटी शेवटी मालकाने एक काचेचं कपाट नेमबाजीच्या जादा सामानाला दिलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मी पुण्याचा बी.कॉम. झालेला माणूस. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे माझी त्या विषयात गती नव्हती.

कपाटाचे खरे आधारस्तंभ होते दोन चुलतभाऊ, दोघेही तिथलेच अरब. थोरला जाडजूड आणि शांत. धाकटा काटकुळा आणि कायम घाईत. गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात दोघांच्या एकसारख्या कार्बाइन होत्या. पिस्तुलाचीच गोळी उडवणारी, पण खांद्याला लावून झाडायची ती आखूड बंदूक. बंदुका क्लबाच्या कुलपात असत. दुकानातून घेतलेलं सामान तिथला इजिप्शियन उस्ताद त्यांना बसवून देई.

थोरल्याने पट्टा घेतला की धाकटा दुसऱ्या दिवशी हजर.

"हबीबी, उसने क्या लिया?"

"पट्टा, साहेब."

"मेरे को पट्टा और टॉर्च."

मग थोरला टॉर्च आणि दुर्बीण घेई. मी कधी खोटं बोललो नाही. खरं कोणाला आधी सांगायचं, तेवढं मात्र मी ठरवत असे. अशाने धाकट्याच्या बंदुकीवर लाल ठिपका दाखवणारी काच आली, पुढे दोन पायांचं स्टँड आलं, जादा मूठ आली. क्लबात सगळं दुपारच्या उन्हात चाले, तरी टॉर्च दोघांच्याही बंदुकीवर होतीच.

कपाटातली एकच वस्तू हलत नव्हती. मागेपुढे सरकणारा दस्ता. बंदुकीचा खांद्याला टेकायचा भाग म्हणजे दस्ता. हा आपल्या हाताच्या लांबीप्रमाणे, नंबर घातलेल्या खाचांवर, कमीजास्त करता येई. मालकाने हौसेने खोकंभर मागवले होते, पण दोन्ही भावांनी ते खेळण्यासारखे दिसतात म्हणून नाकारले होते.

एका शुक्रवारी थोरल्याने आम्हाला क्लबात बोलावलं. "मदाम को भी लाओ," म्हणाला. आम्ही शारजातच अल नहदा भागात राहत होतो. शुक्रवारी सुट्टी, आणि दुपारी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. लेकीला शेजारी ठेवून आम्ही दोघं निघालो. सवयीने मी नमुन्यांची पिशवी बरोबर घेतली.

तिथे आधी भावांची फेरी झाली. धाकट्याची बंदूक इतकी लदलेली होती की खांद्याला लावताच तिचं तोंड डुलायला लागलं. स्टँड उघडावं, तर त्याला उभ्यानेच नेम धरायचा होता. थोरला बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून उभा राहिला आणि मग म्हणाला, "आज रोशनी कम है." उस्तादाने पुढे होऊन दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढलं आणि तो मागे आला.

मग थोरल्याने माझ्या बायकोला विचारलं, "मदाम, ट्राय?"

ती सरळ पुढे गेली. कॉलेजात ती एन.सी.सी.त होती हे मला माहीत होतं. लग्न ठरताना त्यांच्याकडच्यांनी ते भरतकामाच्या शेजारी सांगितलं होतं, म्हणून मीही तेवढ्यावरच सोडलं होतं. उस्तादाने तिच्या हातात क्लबाची साधी कार्बाइन दिली. तिने ती खांद्याला लावली, मान पुढे ताणली आणि खाली घेतली.

"अहो, हा दस्ता मला लांब होतोय. गाल नीट टेकत नाही. तुमच्याकडे तो सरकणारा आहे ना, कोणी घेत नाही तो?"

पिशवीत होता. उस्तादाने तो बसवला आणि तिने सांगितला तितका आत सरकवला. तिने ओढणी कमरेला बांधली, पाय फाकवले आणि सावकाश एकेक गोळी झाडली. उस्तादाने कागद आणला. भोकं सगळी मधल्या काळ्या गोलात, जवळजवळ. एक मात्र बाहेर गेलं होतं. ती गोळी सुटतानाच मी टाळी वाजवली होती. त्यावरून ती पुढे परतीच्या वाटेवर मला बोलली.

धाकट्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दस्त्याकडे, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "वो अंदर-बाहर वाला. मेरा."

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर जायच्या आधीच दोघेही दारात. खोकं त्या आठवड्यात खलास झालं, कारण क्लबातल्या बाकीच्यांनाही तोच हवा होता. मालक मला म्हणाला, माझी सेल्समनशिप इन्शाल्ला पुढे जाईल. मी मान डोलावली.

धाकट्याने दस्ता बसवला तो मात्र "मदाम के नंबर" वर. उस्तादाने समजावलं, मी समजावलं, की तिचे हात आखूड आहेत, तुमचे लांब आहेत. ऐकेना. जिंकायचं तर तोच नंबर. चार दिवसांनी आला तो सुजलेलं नाक घेऊन. इतक्या आखूड दस्त्यावर गाल टेकवताना त्याचाच अंगठा त्याच्या नाकाजवळ आला होता आणि बंदुकीने धक्का दिल्यावर बाकीचं आपोआप झालं होतं. गाडीच्या दाराला लागलं, असं त्याने सांगितलं. थोरल्याने मात्र सरळ आमच्या घरी फोन लावून बायकोला विचारलं आणि दस्ता आपल्या मापाचा करून घेतला.

महिनाभरात क्लबाने तिला बायकांसाठी राखलेल्या वारी शिकवायला बोलावलं. दर सोमवारी दुपारी थोरल्याच्या बहिणी गाडी घेऊन यायच्या आणि ती पाण्याची बाटली घेऊन खाली उतरायची.

लेकीला शाळेत बाईंनी आईबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माय मदर गोज फॉर शूटिंग एव्हरी मंडे." बाई मुंबईच्या. त्यांनी शूटिंगचा एकच अर्थ लावला. आठवड्याभरात आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी मंडळींना कळलं, की हिला सिरियलमध्ये काम मिळालंय, आणि न्यायला मोठी गाडी येते. मी खुलासा करायला निघालो, तर बायको म्हणाली, "राहू द्या हो. बंदूक म्हटलं तर जास्त विचारतील."

गणपतीत चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे आरतीला गेलो, तर तिला पंख्याखालची खुर्ची आणि मोदक दोन जास्त. आरती झाल्यावर काकूंनी आपल्या मुलीचा फोटो तिच्या हातात दिला. "एखादा छोटा रोल असला तरी चालेल," म्हणाल्या.

बायकोने फोटो उजेडात धरून नीट पाहिला.

"चेहरा छान आहे," ती म्हणाली, "पण मान स्थिर ठेवायला शिकवा. आणि श्वास रोखायला."

काकूंनी ते लगेच मुलीला सांगितलं.