रामाकोन्याची पत्रिका

“थांबवा अक्षता! माही बहीन रस्त्यात हाये!”

ताईच्या लग्नात बाबा असे ओरडले की अर्धं पांढुर्णा दचकलं असेल. आज माझ्या लेकीच्या लग्नाच्या पत्रिकांना हळदीकुंकू लावताना त्या वासासरशी ते ओरडणं पुन्हा कानात घुमलं.

आत्या पत्रिका छातीशी धरून ढसाढसा रडली, गाडीभर संत्री घेऊन येते म्हणाली, असं मीच बाबांना रंगवून सांगितलं होतं. प्रत्यक्षात ताईच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी आत्याच्या गावी, रामाकोन्याला, गेलोच नव्हतो. भावाबहिणीचा जुना अबोला मोडायला निघालेली ती पत्रिका सौंसरच्या बाजारात मी जिलबीखाली अंथरली होती. बाबांनी मुहूर्त टळू दिला. आत्या आली नाही, आणि त्यांनी तिचं नाव घेणंच टाकलं.

मागच्या महिन्यात आत्या वारली. तेरवीहून परतताना मी बाबांना सगळं सांगून टाकलं.

“तू एकच दिवस नाई गेला,” ते म्हणाले. “मी तं कधीच नाई गेलो.”