खाऱ्या बांगड्याचं पाणी

माझ्या तीन केळी ऐरोलीच्या बाल्कनीत डोळ्यांदेखत वाळत होत्या आणि नर्सरीवाला मोबाइलमधून मान वर काढायला तयार नव्हता. पानांच्या कडा भाजल्यासारख्या झालेल्या, नव्या पानाची सुरळी उघडायच्या आधीच अडकलेली. मी एक पान तोडून त्याच्यासमोर धरलं. पहिल्या खेपेला तो म्हणाला, पाणी जास्त होतंय. दुसऱ्या खेपेला, पाणी कमी पडतंय. तिसऱ्या खेपेला त्याने खताची पिशवीच पुढे सरकवली. मीही मूर्खासारखी ती घेऊन आले आणि मूठ मूठ घातलं. आठवड्याभरात करप पानाच्या मधल्या शिरेपर्यंत पोचली.

त्या विकत आणलेल्या केळी असत्या तर मी एवढी जळफळले नसते. उरणजवळच्या आमच्या गावी, घरामागे मोरीच्या पाण्यावर वाढलेलं केळीचं बेट होतं. आई लग्न होऊन आली त्या वर्षी तिने ते लावलेलं. भावाने घर पाडून भाड्यासाठी चार मजले चढवायचं ठरवलं, तेव्हा आई माझ्याकडे राहायला आली. बेटाचं काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "केळी बाजारात मिळतात की." परसात म्हणे फरशी घालणार, गाड्या लावायला. त्याच्याशी मी अजून धड बोलत नाही. जेसीबी यायच्या आदल्या दिवशी आईने आणि मी बुंध्याशी फुटलेले तीन मुनवे कुदळीने काढून आणले. अख्ख्या बेटातलं तेवढंच उरलं होतं. ते गेले की संपलं.

म्हणून मी हात धुऊन त्या करपीच्या मागे लागले. कुंड्यांची भोकं मोठी केली. कुंड्या उन्हाकडे सरकवल्या, मग सावलीत ओढल्या. मातीवर पांढरा थर धरायचा, तो बुरशी समजून खरवडला, वर हळद टाकली. नवरा म्हणाला, "किती टेन्शन घेतेस, दुसरं झाड आण ना." त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आई तेवढी गप्प. बाल्कनीच्या दारात बसून नुसती कुंड्यांकडे बघायची. मला त्याचाही राग यायचा. जन्मभर केळी वाढवलेली बाई, दोन शब्द सांगायला हिचं काय जातं?

एका रविवारी तो पांढरा थर खरवडताना खुरप्याला काहीतरी लागलं. शेपटी होती, खाऱ्या बांगड्याची, वाळून कडक झालेली. मी तो थर बोटाने जिभेला लावला. मीठ होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मातीच्या हातांनी स्वयंपाकघरात गेले. "आई, तू कुंड्यांत काय ओततेस?"

"मासलीचं पानी," आई सहज म्हणाली. "बांगडा भिजवलेला. आपल्या परसात पन तेच जायाचं. केल कशी मातायची, बगलीस ना तू?"

"तिथे जमीन होती, आई. पाऊस सगळं धुऊन न्यायचा. इथे वर पत्रा, खाली टाइल्स. मीठ जाणार कुठे? तूच मारलंस त्यांना. स्वतःच्या हाताने."

आईने गॅस बंद केला. पदराला हात पुसले.

"मंग कुटं वतू, बाय?" ती म्हणाली. "सिंकमदी नको म्हनलीस."

खरंच म्हणाले होते. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी आमच्या मजल्याचं नाव घेऊन लिहिलं होतं की सुक्या मासळीचा वास येतो. त्या माणसाशी भांडायचं सोडून मी आईला दटावलं होतं. सिंकमध्ये ते पाणी ओतू नकोस, बाथरूममध्ये तर नकोच. मग कुठे ओतायचं, ते काही सांगितलं नव्हतं. आणि बांगडा तरी कोणासाठी होता? मीच मागून मागून खात होते. ज्या वासात मी वाढले त्याची चार लोकांत मला लाज वाटली, आणि ती लाज निस्तरायला मी आईला लावलं. भावावर चिडले नव्हते एवढी त्या दिवशी स्वतःवर चिडले.

तो राग कुंड्यांवर काढला. तिन्ही उपड्या केल्या. दोन मुनव्यांची मुळं काळी पडून हातात लगदा होऊन आली. तिसऱ्याला एका बाजूने बोटाएवढी दोन मुळं पांढरी होती. सगळी माती फेकली, गड्डा साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला, सडलेलं कापून टाकलं आणि नव्या मातीत लावला. खत घातलं नाही. महिन्याभराने सुरळी वर आली आणि उघडली. पानाची कड शेवटपर्यंत हिरवी होती.

आईला दाखवलं तर ती हसली. बांगडा मी पुन्हा आणते आणि सिंकमध्ये मीच धुते. ग्रुपवर कुणी लिहिलं तर त्याला काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय. पण परसात जन्मभर कुणालाही न विचारता पाणी घालणारी माझी आई आता साध्या पाण्याचा मग भरते, बाल्कनीच्या दारात थांबते आणि विचारते, "टाकू का, बाय?" मी हो म्हणेपर्यंत ती उंबऱ्याच्या अलीकडेच उभी असते.