नऊ गेले, नऊ आले

मेट्रो संपते त्या स्टेशनाबाहेरून सतरा नंबरची बस डोंगराकडे जाते. पाऊण तासाचा रस्ता. शेवटच्या थांब्यावर एक पत्र्याची शेड, एक बाक, रंग उडालेला पायवाटांचा नकाशा, आणि शेडच्या मागे लगेच चढण सुरू. गाडी घरी ठेवा, बसने डोंगरावर जा, अशी पाटी मेट्रोच्या जिन्यात लावलेली आहे. ती वाचून किती लोक येत असतील कोण जाणे. आम्ही दर रविवारचे दहा-बारा जण येत होतो ते मात्र बऱ्याच अंशी त्या बसच्या कंडक्टरमुळे.

तो माझा विद्यार्थी. पाचवी ते सातवी माझ्या वर्गात होता. उंच, काटकुळा, आणि सतत काही ना काही मोजत असायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं. सहलीला गेलं की मुलं मोजायचं काम मी त्याच्याकडे द्यायची. पहिल्याच सहलीला तो माझ्याकडे धावत आला तो रडवेला होऊन. बेचाळिसांतली एक्केचाळीसच भरत होती, तीनदा मोजूनही. मग माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलं, "आणि तू?"

सगळा वर्ग खो खो हसला. तोही हसला, पण कान लालबुंद झाले होते.

ती खोड छप्पन्नाव्या वर्षापर्यंत गेली नाही. त्याची बायको सांगायची, जेवायच्या वेळी ताटं हेच मांडतात, माणसं चार आणि ताटं तीन. नवऱ्याला उपाशी ठेवते म्हणून लोक मलाच नावं ठेवतील, असं म्हणून ती चौथं ताट स्वतः आणून ठेवायची.

बसमध्ये त्याने आपला एक नियम काढला होता. शेवटच्या थांब्यावर तो दारात उभा राहायचा आणि उतरणाऱ्या प्रत्येकाकडून 'येतो' म्हणवून घ्यायचा. कुणी 'जातो' म्हणालं की दारातला हात हलत नसे. जायचं काय, दगडसुद्धा गडगडत जातो, तुम्ही परत यायचंय, असं तो म्हणायचा. एका कॉलेजातल्या मुलीने एकदा त्याला सुनावलं की परीक्षेला पाठवताना आईसुद्धा इतकं करत नाही. तो म्हणाला, परीक्षेतून नापास होऊन तरी घरी येता येतं. सगळे हसले, आणि ती मुलगी 'येते' म्हणून उतरली. जेवढे 'येतो' म्हणाले तेवढ्या रेघा तो तिकिटांच्या पुठ्ठ्यामागे पेन्सिलीने मारायचा. संध्याकाळी सव्वापाचच्या शेवटच्या फेरीला चढणाऱ्याला तो विचारायचा, "आलात?" चढणारा म्हणायचा, "आलो." आणि खाली दुसऱ्या ओळीत एक रेघ पडायची. दोन्ही ओळी जुळल्या की शिट्टी.

न जुळल्यामुळे तीनदा त्याने बस थांबवून धरली होती. एकदा पंचवीस मिनिटं. तिन्ही वेळा निघालं काय, तर मागे राहिलेला माणूस डोंगर ओलांडून पलीकडे तळ्याच्या बाजूला उतरला होता आणि तिथून दुसऱ्या नंबरच्या बसने केव्हाच घरी पोचून पाय शेकत बसला होता. डेपोतून त्याला दोनदा तोंडी समज मिळाली, तिसऱ्यांदा लेखी पत्र. पुन्हा असं झालं तर कामावरून कमी करू, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. मामाचा चहा डेपोत गार व्हायचा म्हणून तो चिडायचा. तुझ्या मोजणीपायी एक दिवस आपण दोघं मोजण्यापुरतेच उरू, असं तो आरशात बघून म्हणायचा. मोजपट्टी हसून सोडून द्यायचा. पण त्या पत्रानंतर तो पुठ्ठा जरा लपवून धरू लागला, आणि रेघा मारताना घड्याळाकडे बघू लागला. ते मला दिसत होतं.

त्या रविवारी सकाळपासूनच धुकं होतं. थंडीचे दिवस, उजेड सहाला संपायचा. शेवटच्या थांब्यावर नऊ जण उतरलो. माझे गुडघे मला पहिल्या पठाराच्या वर जाऊ देत नाहीत, पण माझीही रेघ तो मारायचा. माझ्या पुढे निळी लोकरीची टोपी घातलेली एक नर्स होती. महिन्यातून दोन रविवार तिला सुट्टी मिळायची आणि दोन्ही ती इथे घालवायची, एकटी. वॉर्डात दिवसभर कुणी ना कुणी हाक मारत असतं, म्हणाली, इथे कुणी मारत नाही. उतरताना तिने त्याला हसून "येते हं" म्हटलं. पठारापर्यंत आम्ही बरोबर होतो. तिथून ती माथ्यावरच्या दगडी खोलीकडे निघाली. धुक्यात वीस पावलांवर टोपी दिसेनाशी झाली. तिच्या काठीचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

पाच वाजता आम्ही एकेक करून शेडमध्ये जमलो. समोरच्या पायवाटेची पहिली पिवळी खूणसुद्धा दिसत नव्हती. बस दहा मिनिटं उशिरा आली आणि वळवून उभी करताच मामाने इंजिन चालूच ठेवलं. मोजपट्टी दारात उभा राहून भराभर विचारत होता. आलात, आलो, आलात, आले. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस चढला. त्याला "आलात?" म्हटल्यावर तो गोंधळून "काय?" म्हणाला, आणि मागच्यांनी ढकललं म्हणून पुढे सरकला. दिवसभराचा पास होता, तिकीट फाडायचं नव्हतं. रेघ पडली. नऊ गेले, नऊ आले. मी तिसऱ्या बाकावर बसले होते आणि मला आठवतं, त्याने सुटकेचा निःश्वास टाकला होता. आज आणखी उशीर नाही, पत्र नाही. शिट्टी वाजली.

दोन थांबे गेले. रस्ता इथे अरुंद आहे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. मोजपट्टी पास बघत बघत पिवळ्या जाकिटापाशी आला आणि गमतीने म्हणाला की सकाळी तुम्ही 'येतो' म्हणाल्याचं आठवत नाही, कुठल्या फेरीला होतात? त्या माणसाने सरळपणे सांगितलं. तो सकाळी तळ्याच्या बाजूने चढला होता. धुक्यात वाट चुकली, भलत्याच बाजूला उतरला, ही बस उभी दिसली आणि जिवात जीव आला.

मोजपट्टीने पुठ्ठा वर धरून पाहिला. मग एकेक बाक पाहत पुढे आला. माझ्यापाशी थांबला तेव्हा त्याचा चेहरा अगदी त्या सहलीच्या दिवशीसारखा झाला होता.

"बाई, निळी टोपी?"

मी मागे वळून पाहिलं, जणू माझ्या पाहण्याने ती तिथे बसलेली सापडणार होती. चौतीस वर्षं मुलं मोजली मी. शेडमध्ये वीस-पंचवीस मिनिटं बसले होते, आणि ती आली नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने मामाला बस थांबवायला लावली. मामा म्हणाला, इथे बस वळायची नाही, आणि ती बाईही पलीकडे उतरून घरी गेली असेल, दर वेळी तेच होतं. त्यावर पिवळं जाकीट मागून म्हणालं की तळ्याकडची बस दुपारपासून बंद आहे, पूल दुरुस्तीला काढलाय.

मोजपट्टी उतरायला निघाला. मामाने आपल्या पेटीतली बॅटरी काढून त्याच्या हातात दिली आणि पत्राची आठवण करून दिली. तो म्हणाला, पत्र पुठ्ठ्यालाच लावून ठेवलंय. मग पुठ्ठा त्याने माझ्या मांडीवर ठेवला. खालच्या वनचौकीत फोन करा एवढंच सांगितलं, आणि पायरीवरून वळून म्हणाला,

"बाई, येतो."

"लवकर ये," मी म्हटलं. बस सुटली तेव्हा बॅटरीचा उजेड रस्त्याने वर जात होता. पुढच्या वळणावर तो धुक्यात मिसळून गेला.

चौकीत मी उतरले. मामाने खिडकीतून ओरडून सांगितलं की एक बाई वर राहिली आहे, आणि बस घेऊन गेला. टेबलामागचा रक्षक भला माणूस होता. त्याने लगेच वरच्या चौकीला फोन लावला, एक जण हरवलाय, दोरखंड आणि स्ट्रेचर घेऊन चौघे जीपने निघा. मी सांगितलं की कंडक्टरही वर गेलाय. त्याने मान हलवली आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तो समजुतीने म्हणाला की आजी, तो शोधायला गेलाय, तो हरवलेल्यांत कसा येईल? मला ते पटलं. पटलं, हेच मला अजून खुपतं.

भिंतीवर घड्याळ होतं. वरून शिट्टी ऐकू येत होती. कंडक्टरची शिट्टी, दोन लांब, एक आखूड. बस सोडायची खूण. इतक्या लांबून ती डोंगरच वाजवतोय असं वाटायचं. शिट्टी वाजतेय तोवर सगळं ठीक आहे, असं मी मनात धरून बसले.

सातच्या सुमारास ती थांबली. अर्ध्या तासाने जीपचे दिवे दिसले. घोंगडीत गुंडाळलेली नर्स मागच्या बाकावर होती, घोटा सुजून गुडघ्याएवढा झालेला, पण शुद्धीवर, आणि रडत हसत होती. हातात बॅटरी, गळ्यात शिट्टी. चौघे रक्षक मोठमोठ्याने बोलत होते. टेबलामागच्याने वही उघडली. एक हरवला, एक सापडला. त्याने वेळ लिहिली आणि पेनाला टोपण लावलं.

मी विचारलं, "आणि तो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मग नर्सने सांगितलं. त्याने तिला सव्वासहाला शोधून काढलं होतं. एकट्याने उचलून आणणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने शिट्टी तिच्या गळ्यात घातली, बॅटरी तिच्या हातात दिली, वाजवत राहा म्हणाला, आणि मदत आणायला जवळच्या वाटेने खाली निघाला. उजेडाशिवाय. रक्षक आले तेव्हा तिने विचारलं होतं, "कंडक्टरने पाठवलं ना तुम्हाला?" आणि रक्षक म्हणाले होते, हो. त्यांना वाटलं ती फोनबद्दल विचारतेय. तिला वाटलं तो खाली पोचला. शिट्टी तिने तेव्हाच थांबवली.

जीप तशीच परत वर गेली. मी फाटकात उभी राहून कान देऊन ऐकत होते, पण आता वर वाजवायला कुणाकडे काही नव्हतं.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठल्यावर सापडला, जवळच्या वाटेखालच्या घळीत. त्याच्या बायकोकडे मी गेले तेव्हा ती ताटं मांडत होती. माणसं आता तीनच होती. तिने चार मांडली.

पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे. डेपोत परत करायला गेले होते, पण तिथल्या कारकुनाने तिकिटं काढून घेतली आणि पुठ्ठा नको म्हणाला. मागच्या बाजूला वर नऊ रेघा, खाली नऊ रेघा. सरळ, सारख्या अंतरावर, लहानपणी काढायचा तशाच. वर्गात त्याने ही मोजणी तपासायला आणली असती तर मी बरोबरची खूण करून परत दिली असती.

नर्स अजून येते, काठी घेऊन, पठारापर्यंत. नवा कंडक्टर काही विचारत नाही. उतरताना ती दारात थांबते, रिकाम्या पायरीकडे बघून "येते" म्हणते, आणि मग मी म्हणते. मागचे लोक कुरकुर करतात.