मुठीवरचं कुंकू

आंबागडच्या पायथ्याशी आमच्या धानाच्या बांध्या होत्या, आणि रानडुकरांना त्या आपल्याच बापाच्या वाटायच्या. त्यासाठी बाबांकडे परवान्याची एकनळी बंदूक होती. आम्हा पोरींना तिला हात लावायची सोय नव्हती. आईही लावायची ती फक्त दसऱ्याला. बंदुकीच्या लाकडी दस्त्याला तेल चोळून ती हळदकुंकू वाहायची, तेही नेमकं मुठीवर, जिथं हात घसरू नये म्हणून बारीक आडव्याउभ्या चिरांची जाळी कोरलेली होती.

"नळीले लाव ना, तेथं काहून लावतं?" बाबा दरवर्षी खेकसायचे.

"तुमचा हात तेथंच असते ना," असं म्हणून आई हवं तिथंच लावायची.

ऐंशी सालाच्या सुमाराला, उन्हाळ्यात आई गेली. आश्विनात धान निसवला तेव्हा मी माहेरी आले होते. एका सकाळी बाबा शेतातल्या रात्रीच्या जागलीवरून परतले ते तोंड पाडूनच. डुक्कर समोर होतं आणि ऐन वेळी मूठ हातातून सटकली.

"हातातला जोर गेला माह्या. दसरा झाला का बंदूक ठाण्यात जमा करून देतो."

आई गेल्यापासून हा माणूस दिवसभर गप्प असायचा, जागलीची वेळ झाली की तेवढा उठायचा. आता तेही संपणार होतं.

काहीतरी करायचं म्हणून मी म्हणाले, "जमा करताच आहा त धुऊनपुसून द्या. मळकट देली त लोक काय म्हणतीन?"

लोकांची बाबांना भारी धास्ती. त्यांनी नळी उतरवून दस्ता माझ्यापुढे ठेवला आणि बाजेवर बसून हुकूम सोडायला सुरुवात केली.

जुनं पॉलिश मी काचेच्या तुकड्यानं खरवडलं. जिथं लाकूड दबलं होतं तिथं ओलं फडकं ठेवून कोळशाची इस्त्री टेकवली, की ते फुगून वर यायचं. मग काचकागद घेतला.

"जाळीवर कागद नोको घासू वं बाई, चिरा मरतीन!"

म्हणून जाळीला रॉकेल लावून दातांच्या जुन्या ब्रशानं घासू लागले, तर ब्रश लालभडक झाला. बोट कापलं की काय म्हणून मी दचकले. ते कुंकू होतं. वर्षानुवर्षं तेलात मुरून चिरांमध्ये घट्ट बसलेलं. जाळी पार बुजून गुळगुळीत झाली होती. मला हसू आलं आणि रडूही.

"बाबा, तुमचा हात नाही गेला. हे आईनं लिंपून ठेवलं होतं."

त्यांनी साफ झालेली मूठ हातात धरली, दाबली, पुन्हा दाबली. चिरा तळव्याला रुतत होत्या.

"म्हणजे बुढीनंच डुक्कर वाचोवलं माह्या हातून!" ते म्हणाले, आणि आई गेल्यावर पहिल्यांदा खदखदून हसले.

मग रोज थोडं जवसाचं तेल तळहातानं चोळायचं आणि दस्ता सावलीत वाळवायचा, असं चाललं. लाकूड मधासारखं दिसायला लागलं. ठाण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

दसऱ्याला मी पूजेचं ताट केलं. मोठ्या शहाणपणानं कुंकवाचं बोट नळीकडे नेलं, तर बाबांनी ताटच ओढून घेतलं. अंगठ्यानं कुंकू घेऊन ते मुठीवरच्या मोकळ्या चिरांमध्ये दाबून दाबून भरू लागले.

"बाबा, पुन्हा घसरन ना हात!"

"घसरू दे," ते म्हणाले. "तुही माय तेथंच लावत होती."