सासरचा पत्ता

चूक माझी आहे. नऊ वर्षं हे मी कुणालाच — बायकोलाही — सांगितलं नव्हतं.

सोलापुरातल्या एका दवाखान्यात मी व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांच्या नोंदी संगणकात भरतो. त्या पुढे देशाच्या नोंदणीत जातात. एखाद्या गावात अशी बाळं वाढली, तर वरून कुणी येऊन कारण शोधावं, एवढ्यासाठीच हे काम. म्हणून गरोदरपणात बाई राहिली तिथला पत्ता भरायचा असतो. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. केसपेपरवर माहेरचाच पत्ता. मी तोच उतरवायचो. उठून वॉर्डात विचारायला कितीसा वेळ लागला असता?

सविता मंगळवेढ्याजवळच्या एका गावची सून, माहेर अकलूज. तिच्या मुलीचा पाठीचा कणा उघडा होता. तीन दिवसांनी मुलगी गेली. कागद न्यायला ती आली, सोबत सासू.

"आमच्या गावात असलं कुनाचं न्हाय. हिच्याच पोटी कसं आलं वो, सायेब?"

सविता हळूच म्हणाली, "बघा की सायेब, आनी कुनाचं हाय का."

मी गावाचं नाव टाकलं. शून्य. तिची स्वतःचीही नोंद नाही — ती अकलूजखाली. आणि तेव्हाच आठवलं. त्याच वर्षी, त्याच गावच्या आणखी दोन सुना, त्यांच्या बाळांचाही तसाच कणा. सही करताना त्यांचे नवरे गावाचं नाव सांगून गेले होते. दोघींना मीच माहेरच्या पत्त्यांवर टाकलं होतं. त्या माहेराहूनच दवाखान्यात आल्या होत्या, म्हणून गावात कुणाला कळलं नसावं.

खरं बोललो असतो तर काय झालं असतं? नोंदी दुरुस्त कराव्या लागल्या असत्या, वरिष्ठ बोलले असते — एवढंच ना?

मी म्हणालो, "नाही. तुमचं एकटीचंच."

"ऐकलंस न्हवं?" सासू म्हणाली.

सविताला कायमचं माहेरी पाठवलं, हे पुढे कळलं. गावात तपासायला कुणी गेलं नाही. नंतर तिथं आणखी किती बाळं तशी जन्मली — मला माहीत नाही. ते कळू नये, ही व्यवस्था मीच केली होती.

गेल्या महिन्यात तिन्ही नोंदी दुरुस्त केल्या, वरिष्ठांना लेखी दिलं आणि अकलूजला गेलो. सविता शिलाई मशीनवर बसली होती. सगळं सांगितलं. तिनं मशीन थांबवलं नाही.

"मला काय सांगताय? जिच्यासमोर बोललात, तिला सांगा की."

दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याची एसटी धरली. सासू अंगणात ज्वारी पाखडत होती, शेजारणी बसल्या होत्या. उभ्यानंच बोललो.

"सविता एकटी नव्हती. आणखी दोघी होत्या. मला माहीत होतं, मी खोटं बोललो. तिचा काही दोष नव्हता. मी तिची माफी मागतो — तुम्हा सगळ्यांसमोर."