थोरले साडू आणि एक वीत बोट

माझ्या थोरल्या साडूंइतका सावकाश माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही, आणि हे मी पूर्ण आदराने सांगतो. एका कारखान्याच्या तपासणी खात्यात ते पस्तीस वर्षं होते. दुसऱ्यांनी केलेला माल नापास करणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी निवृत्तीनंतरही बिनपगारी चालू ठेवलं. आमच्या वास्तुशांतीला आलेली मंडळी नव्या ओट्याचं कौतुक करत होती, तेव्हा साडूंनी पिशवीतून गवंडी वापरतात ती पाणसळ काढली, ओट्यावर ठेवली, तिच्यातला बुडबुडा निरखला आणि म्हणाले, "छान आहे. सांडलेलं सगळं डावीकडे जाईल." ते आजही डावीकडेच जातं. शिवाय रंगीत तालमीशिवाय कुठलीही गोष्ट करायची नाही हा त्यांचा नेम. गावाला जायचं असलं की आदल्या दिवशी रिकाम्या बॅगा घेऊन स्टेशनवर जाऊन येणार, जिना चढायला किती मिनिटं लागतात ते कळावं म्हणून. स्वतःच्या मुलीच्या लग्नाआधी रिकाम्या कार्यालयात घड्याळ लावून तालीम घेतली, तेव्हा नवरदेव म्हणून मलाच पाटावर उभं केलं होतं. अंतरपाट म्हणून घरची चादर होती. माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, हे सगळं हसत हसत सोसत आल्या आहेत.

अशा माणसाशी माझी गाठ पडली ती बोटीच्या ट्रेलरपायी. माझी मुलगी लांब पल्ल्याचं पोहते. समुद्रात उतरण्याआधी तिला खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, बॅकवॉटरमध्ये एक मोठा पल्ला मारायचा होता, आणि तिच्या सरांनी बजावलं होतं, "शेजारी इंजिनाची बोट असेल तरच पाण्यात पाय टाकायचा." परवानगी मिळाली ती पावसाळ्याआधीच्या एकाच शनिवारची. मी एक जुनी मोटरबोट मिळवली आणि बिबवेवाडीत आमच्या घराजवळच एका वेल्डरकडून ट्रेलर करून घेतला. त्या बिचाऱ्याने जन्मात बोट पाहिली नव्हती. त्याने चाकांवर एक सपाट चौकट आणि पुढे एक खांब, एवढंच करून दिलं. त्यावर दोन जुन्या गाद्या टाकायच्या, वर बोट ठेवायची आणि नायलॉनच्या दोरीने आवळायची, असा माझा बेत होता. साडू वारज्याहून स्कूटरवर आले, गाद्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "धाकटे, बोट न्यायची आहे की निजवायची आहे?"

झालं, त्या दिवसापासून ट्रेलर त्यांचा झाला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी बोटीच्या तळाचा नमुना घेतला. त्या आकाराचे दोन लांब लाकडी आधार बसवले, त्यांवर गालिचा ठोकला, दोऱ्या फेकून रुंद पट्टे आणले. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे मला शिकवायला इस्त्रीच्या मागे ताईंचा पोळपाट बांधला आणि जेवणाच्या टेबलावर माझी शिकवणी घेतली. मी पोळपाट तीनदा खाली पाडला. तिसऱ्यांदा ताई म्हणाल्या, "आता पोळ्या हातावर लाटू का?" ट्रेलर डुलायला लागला तर ब्रेक दाबायचा नाही, नुसता पाय उचलायचा, हेही त्या टेबलावरच्या शिकवणीत आलं. मी हो हो म्हणत होतो आणि मनात दिवस मोजत होतो.

गुरुवारी सगळं झालं असं मला वाटलं. साडू बोटीच्या मागे गेले, वाकले आणि म्हणाले, "एक वीत बाहेर आहे." बोटीचं मागचं टोक, जिथे इंजिनाचं सगळं ओझं, ते आधारांच्या पलीकडे वीतभर अधांतरी होतं. बोटीचं नाक ज्याला टेकतं तो पुढचा खांब तेवढाच पुढे सरकवायला हवा होता, आणि वेल्डरने त्याला भंगारातले जुने बोल्ट लावले होते, ते गंजून बसले होते. साडूंनी त्यांना तेल पाजलं आणि म्हणाले, "तीन दिवस भिजू देत. मग खांब सरकवू, मग गाडीच्या जोडावर भार किती येतो ते मोजू, मग तालीम." माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "भाऊ, शनिवार गेला की पोरीचं वर्ष गेलं. एका वितीने काय आभाळ कोसळणार आहे?" ते म्हणाले, "आभाळ नाही. बोट." आणि स्कूटरला किक मारून निघून गेले.

शनिवारी सकाळी त्यांना न कळवता मी ट्रेलर जोडला आणि निघालो. मुलगी मागच्या सीटवर पोहण्याची टोपी हातात घेऊन बसली होती. बाह्यवळणाच्या उतारावर वेग जरासा वाढला आणि ट्रेलर डावीउजवीकडे डुलायला लागला, मग त्याच्यामागे आमची गाडीही. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी नव्हती. शेजारून ट्रक जात होते. मुलगी "बाबा" एवढंच म्हणाली. मी पाय उचलला, ब्रेकला शिवलोही नाही, आणि कसाबसा कडेला थांबलो. फोन साडूंनाच केला. दुसऱ्या कुणाचं नाव सुचलंच नाही.

घरून निघायलाच एरवी अर्धा तास लावणारा हा माणूस वीस मिनिटांत हजर झाला. खूप काही ऐकून घ्यायची मी मनाची तयारी केली होती. त्यांनी ट्रेलर पाहिला आणि विचारलं, "मुलगी कुठे बसली होती?" मी म्हणालो, "मागे." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या. ताईंचा वजनकाटा त्यांनी बरोबर आणला होता. गाडी आणि ट्रेलर जिथे जुळतात तो सांधा काट्यावर टेकवला, तर भार जेमतेम नऊ किलो; सगळं ओझं मागे लोंबत होतं. दोन दिवस तेल प्यायलेले बोल्ट कुरकुरत सुटले. खांब वीतभर पुढे गेला, बोट ओढून त्याला टेकवली, पट्टे आवळले. आता काटा अठ्ठावन्न म्हणाला; ओझं जागेवर आलं होतं. मग साडू स्कूटरवरून पुढे आणि आम्ही मागे, तीसच्या वेगाने थेट पाण्यापर्यंत गेलो.

सर थांबले होते. मुलीने पल्ला पुरा केला, बोट शेवटपर्यंत तिच्या शेजारी होती, आणि साडू, ज्यांना पोहता येत नाही, काठावर उन्हात उभे होते. मी जवळ जाऊन "भाऊ, आज तुम्ही..." एवढं म्हणालो, तर म्हणाले, "आधी बोट वर घ्या. पट्टे मी बघतो."

याला तीन वर्षं झाली. मुलगी समुद्र पोहून आली. साडूंच्या गुडघ्यांनी संप केलाय, स्कूटर सुटली, आता आम्हीच वारज्याला जातो. जेवताना ट्रेलरचा विषय निघतोच, आणि माझी बायको विचारते, "यांनी तेव्हा नीट चालवला होता ना हो, भाऊ?" ते ताटातून मान वर न करता म्हणतात, "उत्तम. एक खोट काढायला जागा नव्हती." आयुष्यभर सगळं नापास करत आलेल्या माणसाने पास केलेला हा एकच माल, आणि तो मी आहे. मुलगी आमच्या दोघांकडे बघते; उतारावर काय झालं ते घरात आम्हा तिघांनाच ठाऊक आहे. मी त्यांना आणखी थोडा भात वाढतो.