पहिल्या तीन सेकंदांतली वैनी

"वैनी, ही बाई कोण हाय?" जुईनं मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकवून मला विचारलं.

पडद्यावरची बाई म्हणजे पुण्याच्या एका जाहिरात एजन्सीतल्या तन्वी मॅडम. व्हिडिओ कॉल चालू होता. त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि विचारलं, "वहिनी कोण? मुलीला सांभाळणाऱ्या ताई आहेत का तिथं?"

"मीच," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे मुलीची आई कुठंय?"

"तीपण मीच."

पडद्यावरचा तन्वी मॅडमचा चेहरा तसाच थिजला. मला वाटलं रेंज गेली. बारामतीजवळच्या आमच्या सांगवीत ती अधूनमधून जाते, पण त्या दिवशी शाबूत होती.

मी मॉम ब्लॉगर आहे. असं सांगितलं की आमच्याकडं लोक विचारतात, म्हणजे नक्की काय करता? तर मुलीला डब्यात काय दिलं, तिनं तो तसाच परत का आणला आणि त्यावर सासूबाईंनी मला काय ऐकवलं, हे मी लिहिते. त्याचे छोटे व्हिडिओ करते, त्यांना रील म्हणतात. बाकीच्या आया ते बघतात, कारण त्यांच्याही घरी डबा परत आलेला असतो. पेजचं नाव 'आईची धावपळ'. एखाद्या कंपनीला वाटलं की या आया आपलं गिऱ्हाईक आहेत, तर ती माझ्याकडून जाहिरातीची रील करून घेते. असा हा धंदा आहे.

माझे सासरे, म्हणजे आबा, याला मोबाईलचं नाटक म्हणतात. पाहुण्यांनी "जुईची आई काय करती?" असं विचारलं की आबा सांगतात, "काय न्हाय, घरीच असती." घरी असते हे खरं आहे. काय न्हाय हे खोटं आहे. स्वयंपाक, शाळेची तयारी, शूटिंग, एडिटिंग, कॉमेंटना उत्तरं, असं सगळं करून मी घरी असते.

म्हणून तन्वी मॅडमचं काम मला हवं होतं. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीची कंपनी होती. वर्षभराचा करार, महिन्याला एक रील. करारावर माझं नाव आणि त्यापुढं माझ्या कामाचं नाव असणार होतं. तो कागद मला एकदा आबांच्या पुढ्यात, चहाच्या कपाशेजारी ठेवायचा होता. हे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते.

आता वैनीचं सांगते.

आमचं घर एकत्र आहे. मला दोन दीर. एक शेती बघतो, एक साखर कारखान्यात आहे. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून दोघं मला वैनी म्हणतात. शेजारचे म्हणतात, डेअरीसाठी दूध न्यायला येणारा म्हणतो. जुईनं जन्मापासून दिवसभर तेच ऐकलं आणि बोलायला लागली तेव्हा तीही वैनी म्हणाली. यात आमच्याकडं कुणाला नवल वाटत नाही. माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ शिकायला याच घरात होते, ते त्यांना अक्का म्हणायचे. त्यामुळं त्यांची तिन्ही मुलंही त्यांना अक्काच म्हणतात. माझ्या नवऱ्यानं जन्मात आईला आई म्हटलेलं नाही आणि आईवाचून त्याचं पानही हलत नाही.

पण एक गोष्ट कबूल करते. माझ्या पेजवर तीन वर्षांत कुणीही 'वैनी' हा शब्द ऐकलेला नव्हता. फक्त अगदी पहिल्या रीलमध्ये तो होता. त्याखाली कुणीतरी लिहिलं, "ही बाळाची आई आहे की काकू?" आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी ती रील काढून टाकली. तेव्हापासून जुई वैनी म्हणाली की मी तेवढा आवाज बंद करायची आणि वर गाणं टाकायची. लोकांना वाटायचं मला गाण्यांची फार हौस आहे.

कॉलवर तन्वी मॅडम सावरल्या. म्हणाल्या, "डिअर, आपण ब्रीफ बघू या." ब्रीफ म्हणजे कंपनीला काय काय हवं, तो कागद. त्यातली पहिलीच ओळ हुकबद्दल होती. रीलचे पहिले तीन सेकंद म्हणजे हुक. तेवढ्यात माणूस अडकला तर अडकला, नाहीतर अंगठ्यानं वर सरकवून पुढं जातो. कंपनीला त्या तीन सेकंदांत मुलगी धावत येऊन "मम्मा!" म्हणायला हवी होती.

"आई चालेल का?" मी विचारलं.

"क्लायंटला मम्मा हवंय. आई थोडं सीनिअर वाटतं."

मी हो म्हटलं. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण हे सांगितलंच पाहिजे. मी लगेच, हसत हो म्हटलं. चार दिवसांत शिकवते म्हणाले.

वालचंदनगरला तिथल्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये माझी मैत्रीण ज्योती राहते. तिला फोन केला. ती म्हणाली, "त्यात काय अवघड हाय? चिक्की दे अन् शिकव. माझा पोरगा चिक्कीसाठी मला पंतप्रधान म्हणंल."

चिक्की आणली. मोबाईल स्टँडला लावला. जुईला समोर उभं केलं. कॅमेऱ्यात बघून बोलायला हवं, म्हणून मी स्टँडकडं बोट केलं आणि म्हटलं, "तिकडं बघ आणि म्हण, मम्मा."

"मम्मा."

"शाब्बास." एक तुकडा.

चार दिवस हे चाललं. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी परवचा म्हणायच्या वेळी. दिरांना तर ऊतच आला. शेतातून येताना एक दारातूनच हाक मारायचा, "मम्मावैनी, च्या टाका." अक्का शेंगा फोडत बघत बसायच्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पोरगी चुकीचं म्हणत हुती का इतके दिस?"

"चुकीचं नाही अक्का. कामापुरतं आहे."

"कामापुरती आई," अक्का म्हणाल्या आणि पुढची शेंग फोडली. मला राग आला. राग आला म्हणजे त्यांचं बरोबर होतं.

चौथ्या दिवशी जुई पक्की झाली. स्टँड दिसला रे दिसला की म्हणायची, "मम्मा!" चिक्की न दाखवताही. मी तन्वी मॅडमना आवाज पाठवला. त्यांनी उत्तरात लाल बदामांची चित्रं पाठवली.

पाचव्या दिवशी टीम आली. तन्वी मॅडम, एक कॅमेरामन आणि पावडरीचे सहा डबे. मोठा कॅमेरा त्यांनी आणला नव्हता. रील घरगुती दिसली पाहिजे, नाहीतर लोक जाहिरात म्हणून सरकवतात. त्यामुळं माझाच स्टँड, त्यावर मोबाईल. कॅमेरामनच्या हातात दुसरा मोबाईल, बाजूनं घ्यायला. आबा पडवीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. पेपरचं पान मात्र उलटत नव्हतं.

पहिला शॉट एका झटक्यात झाला. जुई कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "मम्मा, दूध!" तन्वी मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा शॉट हुकचा. मी अंगणात गुडघ्यावर बसायचं, हात पसरायचे. जुईनं फाटकातून धावत यायचं, मम्मा म्हणायचं आणि मिठी मारायची. स्टँड माझ्या मागं, जरा डावीकडं.

"ॲक्शन."

जुई धावत आली. "मम्मा!" अशी हाक मारली, खणखणीत. माझे हात पसरलेले. ती माझ्या शेजारून गेली आणि तिनं स्टँडला मिठी मारली.

स्टँड म्हणजे तीन काड्या. त्यातली एक मोडून तो आडवा झाला, त्यावर जुई, खाली फरशी. गुडघा सोलला. तिनं एक क्षण सगळ्यांकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. मग उठली, थेट माझ्याकडं आली, माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकून हमसत म्हणाली, "वैनी, मम्मा पडली."

सगळे हसले. शेतीवाला दीर तर खाली बसून हसला. मीही हसले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की चार दिवस मी बोट स्टँडकडं करत होते. पोरगी बरोबरच शिकली होती. मम्मा म्हणजे तो तीन पायांचा, डोक्यावर मोबाईल असलेला, ज्याच्याकडं बघून बोललं की चिक्की मिळते. लागलं-खुपलं तर जायचं ते वैनीकडं. तिच्या डोक्यात काही घोटाळा नव्हता. घोटाळा माझ्या डोक्यात होता, तीन वर्षांचा.

मी तिचा गुडघा धुतला, हळद लावली. तेवढ्यात तन्वी मॅडम मोबाईल घेऊन आल्या. कॅमेरामनच्या हातातला मोबाईल चालूच राहिला होता. जुई रडत माझ्या गळ्यात पडली ते सगळं त्यात आलं होतं. त्यांनी ते लगेच कंपनीच्या सरांना पाठवलंही होतं आणि सर स्पीकरवर होते.

"मॅडम, काय शॉट आहे," सर म्हणाले. "असं ठरवून येत नाही. हुक हाच. फक्त तो शब्द डब करू."

डब करणं म्हणजे चित्र तेच ठेवून आवाज दुसरा बसवायचा.

"कुणाचा आवाज?" मी विचारलं.

"आमच्याकडं एक आर्टिस्ट आहेत. लहान मुलांचे आवाज हुबेहूब काढतात."

"किती वर्षांच्या आहेत?"

"असतील चाळिशीच्या. का?"

माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई माझ्या मुलीच्या तोंडून मला मम्मा म्हणणार होती.

"नको," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आवाज बदलायचा नाही. वैनी राहील."

"मॅडम, ऑडियन्स कन्फ्यूज होईल. आईला वहिनी कोण म्हणतं?"

"माझी मुलगी."

"पण किती छोटी गोष्ट आहे. एका शब्दासाठी वर्षाचं काम घालवताय तुम्ही."

एरवी कामाच्या फोनवर मी पुस्तकातलं मराठी बोलते. त्या दिवशी ते सुटलं. "छोटी गोष्ट हाय तर तुमी सोडा की. मी कशापायी सोडू? लेकरू रडत आलं ते त्या शब्दानं आलं. त्यो काढून तुमाला तिचं रडणं तेवढं पायजे व्हय? न्हाय मिळायचं."

सर म्हणाले, "तन्वी, तू बोल यांच्याशी," आणि फोन बंद झाला.

तन्वी मॅडम पोरसवदा होत्या. त्यांचं तोंड उतरलं. हळूच म्हणाल्या, "ताई, मला पटतंय. पण मी काही करू शकत नाही."

"तुमी काय करू नका," अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "जेवून जावा."

त्या जेवल्या. निघताना पडवीतून आबांनी हाक मारली. "ते डबे बी न्या. हितं म्हशीचं दूध हाय, त्यात काय घालाय लागत न्हाय." आबा कुणाच्या बाजूनं बोलतायत हे मला पहिल्यांदाच सहज कळलं.

करार गेला. ती जाहिरात नंतर पुण्यातल्या एका आईनं केली. मुलगा धावत येतो, मम्मा म्हणतो, तीन सेकंदांच्या आत. चांगली झाली आहे. मी ती दोनदा बघितली आणि दोन्ही वेळा वाईट वाटलं. वाटलं नाही असं सांगितलं तर तेही एक प्रकारचं डबिंग होईल.

त्याच आठवड्यात मी जुन्या रील शोधून काढल्या, वरची गाणी पुसली आणि मूळ आवाजासकट परत टाकल्या. वैनी भूक लागली. वैनी डबा नको. वैनी तू रडू नको. काही लोक पेज सोडून गेले. एकानं पुन्हा तेच विचारलं, "ही आई आहे की काकू?" या वेळी मी रील काढली नाही. उत्तर लिहिलं, "वैनी." त्याखाली कळस गावच्या एका बाईनं लिहिलं की तिची दोन्ही मुलं तिला काकी म्हणतात आणि हे तिनं गावाबाहेर कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

परवा इंदापूरचे पाहुणे आले होते. त्यांनी आबांना विचारलं, सून काय करते. मी आत चहा गाळत होते, हात थांबला. आबा म्हणाले, "जाहिरातवाल्यास्नी परत धाडती." कागदावर लिहून मिळालं असतं तर इतकं बरं वाटलं नसतं.

मागच्या महिन्यात बारामतीला जुईच्या शाळेत पालकसभा होती. मी वर्गाच्या दारात उभी होते. बाईंनी जुईला विचारलं, "मम्मा नाही आली तुझी?"

"मम्मा कपाटात हाय," जुई म्हणाली. "तिचा पाय मोडलाय. ही वैनी आलीया."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी आत गेले, रजिस्टर पुढं ओढलं आणि 'आई' या रकान्यासमोर सही केली.

या धंद्यात येणाऱ्या पोरींना मी आता एवढंच सांगते. लेकराला शब्द शिकवताना आपलं बोट कुणाकडं आहे, ते आधी बघा.